एकोप्याची किंमत

सामाजिक एकात्मतेचा विषय वर्गांत निघाला कीं दुर्खीमचें नांव ठरल्याप्रमाणें येतें. श्रमविभागामुळें माणसें परस्परांवर अवलंबून राहतात व त्यांतूनच आधुनिक समाजाचें ऐक्य निपजतें, असें त्यानें १८९३ सालीं प्रतिपादिलें. मुलें तें उतरून घेतात. मला मात्र हा पाठ देतांना मिखायलोव्स्की या रशियन लेखकाची हटकून आठवण होते.

‘प्रगति म्हणजे काय?’ हा त्याचा निबंध १८६९ सालचा, म्हणजे दुर्खीमच्या ग्रंथापूर्वीं चोवीस वर्षांचा. त्याचा रोख स्पेन्सरवर होता. आमच्याकडे आगरकरांच्या पिढीवर ज्या स्पेन्सरची मोठी छाप पडली, त्यालाच तिकडे खडा सवाल केला जात होता. समाज हें एक शरीर मानलें तर व्यक्ति हा केवळ अवयव ठरतो. समाज जसजसा गुंतागुंतीचा होतो, तसतसा जन्मभर एकच काम करणारा मनुष्य एकांगी होत जातो. मग ही प्रगति कोणाची?

क्रोपॉट्किनची वाट निराळी. तरुण लष्करी अधिकारी म्हणून तो १८६२ सालीं सैबेरियांत गेला. निसर्गाच्या कोपाशीं झुंजणारे प्राणी त्यानें पुष्कळ पाहिले. परंतु एकाच जातीच्या प्राण्यांतील जीवघेणी स्पर्धा त्याला शोधूनहि फारशी आढळली नाहीं. परस्परसाहाय्याच्या नियमावर प्राणिशास्त्रज्ञ केस्लर यानें १८८० सालीं व्याख्यान दिलें होतें. तें सूत्र क्रोपॉट्किननें उचललें, आणि हक्सलेच्या १८८८ च्या लेखास उत्तरादाखल लिहिलेले त्याचे निबंध १९०२ सालीं ग्रंथरूपानें निघाले.

अशा विचारवंतांना रशियन ग्रामसंस्थेचें, ‘मीर’चें, मोठें आकर्षण होतें. मीर जमिनीची फेरवांटणी करी, हें खरें. परंतु १८६१ सालीं भूदास मुक्त झाल्यावरहि कराची जबाबदारी साऱ्या गांवावर सामाईक राहिली. एकाची बाकी इतरांनीं भरावयाची. म्हणून गांव सोडून जाणाऱ्यास गांवाची परवानगी लागे. आधाराची दोरी आणि जखडण्याची दोरी एकच होती!

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मला हें निराळें समजावून घ्यावें लागलें नाहीं. आमच्या घरानें आजारपणांत कोणालाहि एकटें पडूं दिलें नाहीं. त्याच घरानें माझ्या आत्याला चौथीनंतर शाळेंतून काढलें. कारण स्वयंपाकघरांत हात हवे होते. ते हात राबले म्हणून घरचे मुलगे कॉलेजांत गेले, आणि त्यांत मीहि होतों. आपलें शिक्षण व विचार करण्याची फुरसत बहुजनांच्या कष्टांतून आली आहे, आणि तें फेडावयाचें ऋण आहे, असें लाव्रोवनें ‘ऐतिहासिक पत्रां’त लिहिलें. तें वाचतांना मला आत्याच आठवते.

१९१७ सालीं क्रोपॉट्किन सुमारें चाळीस वर्षांच्या परदेशवासानंतर मायदेशीं परतला. नव्या राजवटीनें विरोधकांना ओलीस धरण्याचें आरंभिलें, तेव्हां त्या वृद्धानें १९२० सालीं लेनिनला पत्र लिहून निषेध केला; पुढल्याच वर्षीं तो वारला. सहकार्याचा महिमा जन्मभर गाणाऱ्यानें सक्तीच्या ऐक्याला मान तुकविली नाहीं, हें मला त्याच्या ग्रंथाइतकेंच महत्त्वाचें वाटतें. एकोप्याची थोरवी मुलांना सांगावी. पण त्याबरोबर हेंहि विचारावयास शिकवावें, कीं तो टिकविण्यासाठीं शाळेंतून कोणाला काढलें?