रिठाचा पाठभेद

महानुभावांची ‘स्थानपोथी’ वर्गात शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, विसावले, त्या जागांची ही चौदाव्या शतकातील नोंद. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला काय आहे, पुढची जागा तिथून कुणीकडे, एवढेच त्यात सांगितलेले असते. विद्यार्थी कंटाळतात. ‘लीळाचरित्रा’तला संवादांचा जिवंतपणा इथे नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. मलाही तो ग्रंथ बरीच वर्षे कोरडाच वाटत आला. वास्तविक त्याचे संपादक वि. भि. कोलते याच जिल्ह्यातले, मलकापूरजवळच्या नरवेलचे, आणि त्यांनी सिद्ध केलेली 1976 ची आवृत्तीही मलकापुरातूनच निघालेली. तरीही ती पोथी घेऊन बाहेर पडावे, असे कधी सुचले नाही.

ते सुचले ते भूगोल विभागाच्या कपाटातून निघालेल्या काही जुन्या नकाशांमुळे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे, एका मैलाला एक इंच या प्रमाणाचे, घड्यांवर फाटलेले आणि मागून कापड लावलेले स्थलनिर्देशक नकाशे. विभाग मेट्रिक पद्धतीकडे वळला तेव्हा 1:50,000 चे नवे नकाशे आले आणि हे अडगळीत गेले. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव ही गावे 55 डी या क्रमांकाच्या पत्रकांत येतात. लोणार आणि सिंदखेडराजा मात्र 56 ए मध्ये. कारण मध्ये वीस अंशांचे अक्षवृत्त आहे. स्वामींनी मेहकर आणि लोणार पायी जोडले होते. इंग्रजांच्या जाळीने त्यांच्यामध्ये कागदाची कड आणली.

(जिल्ह्याच्या नावाचेही ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ असे दोन पाठ आहेत, आणि दोन्हींचे कैवारी आमच्या स्टाफरूममध्ये आहेत. तो वाद इथे नको.)

नकाशा वाचू लागलो तेव्हा सवयीप्रमाणे तो हस्तलिखितासारखाच वाचला. तपकिरी समोच्चरेषा जिथे एकमेकींना बिलगतात तिथे पयानघाट संपून बालाघाट सुरू होतो. साधारण हजार फुटांवरून दोन हजारांच्या घरात चढ. त्या पायथ्याशी मोताळा तालुक्यातले रोहिणखेड आहे. या लहान गावाच्या परिसरात दोन मोठ्या लढाया झाल्या, 1437 मध्ये बहामनी आणि खानदेशच्या फौजांची, तर 1590 मध्ये बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची. इतिहासाच्या पुस्तकात ही नुसती सनावळी वाटते. डोंगराची कड कागदावर पाहिली की कळते, खानदेश आणि दख्खनचे पठार यांच्या मध्ये घाटाच्या तोंडाशी जो बसेल त्याच्या हाती चढणारा-उतरणारा सगळा फौजफाटा येणार. आजच्या डांबरी रस्त्याने गाडीतून जाणाऱ्याला हे उमगत नाही, कारण रस्त्याने घाटाचे भय काढून टाकले आहे.

पण माझे लक्ष खिळले ते एका लहानशा चिन्हावर. नकाशाच्या सूचीत वसलेल्या गावाची एक खूण असते आणि ओसाड गावाची वेगळी, पोकळ बाह्यरेषेची. महसुलाच्या कागदांत आपल्याकडे अशा गावाला रिठी गाव म्हणतात, बोलण्यात नुसते ‘रीठ’. वस्ती नसते, पण मौजा असतो, शिवार असतो, सातबाऱ्यावर नाव असते. अशाच एका पोकळ खुणेशेजारी मला आईच्या माहेरचे आडनाव दिसले, मागचा ‘कर’ गळलेले.

ते गाव कुठे होते हे आजोळी कुणालाच ठाऊक नव्हते. ‘देवी आली आणि गाव उठले’, एवढेच आजी सांगे. तो माथा वऱ्हाडातल्या बहुतेक रिठांच्या कपाळी मारलेला असतो; पटकी, प्लेग, छप्पनच्या दुष्काळानंतरची परागंदा माणसे, आटलेले पाणी, भाऊबंदकी, यांपैकी खरे कारण कोणते हे लोककथा सांगत नाही.

हिवाळ्यात एका रविवारी नकाशाची झेरॉक्स घेऊन निघालो. तुटक रेघेने दाखवलेली गाडीवाट निम्म्यावर पांदण म्हणून टिकली होती, बाभळींनी दोन्हीकडून दाबलेली. पुढे ती तुरीच्या शेतात बुडाली. धुऱ्याधुऱ्याने चालत गेलो. भोवती सगळी काळी जमीन आणि मध्येच मातीचा रंग फिकट झाला. ‘पांढरी’ हा शब्द मी कितीदा शिकवला असेल! गावठाणाची माती पिढ्यांच्या राखेने, शेणाने, पडक्या भिंतींनी पांढुरकी होते, असे फळ्यापाशी उभे राहून सांगितले होते. पायाखाली ती त्या दिवशी प्रथम आली. खापरांचे तुकडे, जात्याची अर्धी तळी, चिंचेखाली शेंदूर लावलेला मारुती. शेंदूर ताजा होता. गाव उठले, पण शेजारच्या गावचे नवरदेव अजून या मारुतीला नारळ फोडून मगच वरातीला निघतात.

ही माहिती दिली मेंढरे चारणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी. मी कागद दाखवून गावाचे नाव वाचले. ते हसले.

“कागदावालं नाव चुकलं हाय, सर. ‘त’ नाय, ‘ट’ हाय.”

रोमन लिपीला ‘त’ आणि ‘ट’ सारखेच. मोजणीदाराने ऐकले असेल बरोबर. नकलताना दात आणि टाळू यांतला फरक लिपीने पुसला. पुढे कुणा शिक्षकाने शाळेच्या दाखल्यात ‘त’ घातला असावा, आणि दोन पिढ्या तोच पाठ चालला. हस्तलिखितांची चिकित्सा करताना आपण जुनी प्रत प्रमाण मानतो. इथे सर्वांत जुनी प्रत त्या बाबांच्या तोंडी होती, आणि तिची नक्कल कुणी केलेली नव्हती.

गावाचे नाव इथे मुद्दाम देत नाही. मारुतीच्या मागे कमरेइतका ताजा खड्डा होता, कडेला लिंबू आणि हळदकुंकू पडलेले. गुप्तधनाच्या नादाने आमच्या भागात रिठे उकरली जातात. ‘स्थानपोथी’च्या कर्त्याने दिशा आणि खुणा लिहिल्या त्या भक्तांनी जागा गमावू नये म्हणून, त्याच प्रकारची नोंद आज मी केली तर ती प्रथम कोणाच्या कामी येईल, हा प्रश्न मला त्या खड्ड्याने विचारला. शास्त्रशुद्ध नोंदणीच्या बाजूने स्टाफरूममध्ये भांडणारा मी, जीपीएसचे आकडे वहीतून खोडून टाकून परतलो. हे बरोबर केले की नाही, याविषयी माझे माझ्याशी अजून एकमत नाही.

घरी आल्यावर आईला ‘ट’ची गोष्ट सांगितली. तिने आडनाव दोनतीनदा नव्या उच्चाराने म्हणून पाहिले आणि मान हलवली. तिला ते परके वाटले असावे. मग म्हणाली, “विहीर होती का रे तिथं? आजी म्हणायची, गोड पाणी होतं.”

नकाशावर विहिरीचा निळा ठिपका होता. जागेवर दगडांनी अर्धी बुजलेली बांधीव विहीर होती आणि तळाशी ओल होती, एवढे तिला सांगितले.