पुरोहिताच्या घरचा हिशोब

प्राचीन इजिप्तची थडगी म्हटली की सोन्याचे मुखवटे आणि राजवैभव डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावरील देर-अल-बहरीच्या डोंगरात १९२१-२२ साली जे हाती आले, त्याचे मोल सोन्यात मोजता येणारे नव्हते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वतीने हर्बर्ट विनलॉक तेथे उत्खनन करीत होते. इपी नावाच्या वजिराच्या थडग्याच्या आवारात मेसेह नामक व्यक्तीचे लहानसे थडगे होते. त्यात पपायरसवर लिहिलेली काही पत्रे आणि हिशोबाचे कागद मिळाले. ते होते हेकानख्त या पुरोहिताचे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे.

हेकानख्त हा दिवंगत वजिराच्या नित्य नैवेद्याची जबाबदारी वाहणारा पुरोहित होता. अशा सेवेसाठी जमीन लावून दिलेली असे आणि तिच्या उत्पन्नातून नैवेद्य चाले. आपल्याकडील देवस्थान इनामाची आठवण व्हावी, अशीच ही व्यवस्था. पुरोहित स्वतः मात्र पुरता व्यवहारी गृहस्थ होता. गावापासून दूर असताना तो मेरिसू या कारभाऱ्याला बारीकसारीक सूचना धाडतो. पाण्याखाली चांगली भिजणारी जमीनच खंडाने घ्यावी. खंड घरी विणलेल्या कापडातून चुकता करावा. मला जुने, वाळलेले जव का पाठविले, त्याचा खुलासा करावा.

त्या वर्षी पूर बेताचा आला होता, धान्याची टंचाई होती. हेकानख्तने घरातील प्रत्येकाचा शिधा नावानिशी ठरवून दिला. यादीत पहिले नाव त्याच्या आईचे आणि तिच्या दासीचे. शिधा कमी झाला म्हणून कोणी कुरकुर करू नये, इतरत्र लोक उपाशी आहेत, असे तो बजावतो. जो काम करील त्यालाच शिधा मिळेल, हेही सांगतो. मात्र धाकट्या स्नेफ्रूची मर्जी सांभाळावी, असे लिहिताना हाच कठोर कर्ता एकदम मऊ होतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला हा पक्षपात अपरिचित वाटणार नाही.

घरात कलहही होता. हेकानख्तच्या नव्या पत्नीला घरची माणसे नीट वागवीत नव्हती. तिला त्रास देणाऱ्या दासीला तत्काळ घराबाहेर काढा, असे तो खडसावतो. धान्याची वाटणी पत्राने करता आली. मनातील अढी पत्राने निघाली की नाही, हे त्या कागदांवरून समजत नाही.

या संचातील एक पत्र हेरुनेफर नावाच्या अधिकाऱ्यास उद्देशून आहे. अन्यत्र येणे असलेले धान्य वसूल करण्यास साहाय्य करावे, अशी त्यात विनंती आहे. त्यासोबत हेकानख्तने काळ्या कातड्याने मढविलेले आपले स्वतःचे माप पाठविल्याचा उल्लेख आहे. धान्य त्याच मापाने मोजून घ्यावे, हा हेतू. देणारा एका मापाने मोजतो आणि घेणारा दुसऱ्या, हे व्यापारातील जुनेच दुखणे. जैन आचारात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे, स्वतंत्रपणे गणले आहे. मापाच्या प्रामाणिकपणावरच पतपेढीपासून पेढीपर्यंत सारा विश्वास उभा असतो.

ते पत्र सापडले तेव्हा घडी घातलेले आणि मोहोरबंद होते. ते हेरुनेफरच्या हाती पडलेच नव्हते. वसुली झाली की बुडाली, हे आता कोण सांगणार? ज्या वजिराच्या अक्षय नैवेद्यासाठी ही सारी तजवीज होती, तो नैवेद्य केव्हाच थांबला. उरला तो एका कुटुंबाचा हिशोब: कोणाला किती दिले, कोणाकडून किती येणे आणि कोणाचे मन दुखावले. परिग्रह मागे राहतो, वर्तनाची नोंद तेवढी टिकते.