थोरला रॉचेस्टर

'जेन एअर' ही कादंबरी मी आयुष्यात तीनदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली तेव्हा, त्या वयाच्या इतर वाचकांप्रमाणे, मी जेनच्या प्रेमात पडलो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लग्नाला बरीच वर्षे झाली होती. साहजिकच मला रॉचेस्टरची बाजू पटू लागली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत पुस्तक पुन्हा हाती आले आणि कपाट तसेच उघडे टाकून मी वाचत बसलो. या खेपेला मात्र मी भलत्याच माणसापाशी अडलो. त्याचे नाव रोलंड रॉचेस्टर.

पुष्कळांना हे नाव आठवणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शार्लट ब्राँटेने १८४७ साली 'करर बेल' या टोपणनावाने ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हापासून लोकांच्या लक्षात राहिली ती थॉर्नफील्डची जुनी हवेली, रात्री तिसऱ्या मजल्यावरून येणारे ते विचित्र हसणे, पेटलेला बिछाना, वीज पडून उभे चिरलेले चेस्टनटचे झाड. रोलंड हा आपल्या नायकाचा, एडवर्ड रॉचेस्टरचा, थोरला भाऊ. जेन त्या घरात पाऊल टाकते तेव्हा त्याला जाऊन नऊ वर्षे झालेली आहेत. साऱ्या पुस्तकात त्याला तोंड उघडायला मिळत नाही.

पण माळ्यावरच्या त्या हसण्याचा माग काढत निघालो, की आपण येऊन पोचतो ते बापलेकांच्या खलबतापाशी. म्हातारा रॉचेस्टर पैशाचा लोभी. इस्टेटीचे तुकडे व्हायला नकोत म्हणून सगळी जमीन थोरल्याला द्यायची, असे त्याने ठरवून टाकलेले. इंग्लंडात हा खानदानी रिवाजच होता. मृत्युपत्र न करता कोणी वारला तर जमीन थोरल्या मुलाकडे जावी, हा नियम तिथे १९२५ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकून होता. पण रॉचेस्टरांचा मुलगा गरीब राहावा हेही म्हाताऱ्याला सोसवेना. मग जमैकातला एक मळेवाला व्यापारी निघाला, त्याची मुलगी निघाली, आणि तिच्याबरोबर तीस हजार पौंड निघाले. एडवर्ड नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला. त्याला तिकडे पाठवून देण्यात आले. मुलीची आई वेड्यांच्या इस्पितळात आहे हे बापाला आणि थोरल्या भावाला ठाऊक होते. धाकट्याला ते लग्नानंतर कळले. पुढे चार वर्षांच्या आत रोलंड वारला, पाठोपाठ म्हाताराही गेला, आणि ज्या जमिनीचा वाटा नाकारण्यासाठी हा खटाटोप, ती अख्खी एडवर्डच्या पदरात पडली. हवेलीतले भूत असे जमाखर्चाच्या वहीतून निघालेले आहे!

शार्लटला थोरल्या भावांचा काय राग होता कोण जाणे. 'जेन एअर'च्या आधी लिहिलेल्या, पण तिच्या मृत्यूनंतर १८५७ साली निघालेल्या 'द प्रोफेसर'मध्येही एक गिरणीमालक थोरला भाऊ सख्ख्या धाकट्याला कारकुनासारखा राबवतो. तिला स्वतःला एकच भाऊ होता, आणि तो तिच्याहून लहान.

तरीही रोलंडविरुद्ध साक्षीदार किती? दोन. एक मिसेस फेअरफॅक्स, घराचा कारभार पाहणारी बाई. ती बिचारी फार जपून बोलते; रोलंडसाहेब धाकट्याशी पुरते न्यायाने वागले नाहीत, कदाचित वडिलांचे मन त्यांनीच कलुषित केले असेल, एवढेच. त्या 'कदाचित'वर कोणता न्यायाधीश शिक्षा देईल? दुसरा साक्षीदार खुद्द एडवर्ड. आणि तो साक्ष देतो कधी? पहिली बायको जिवंत असल्याचे उघड होऊन चर्चमध्ये लग्न मोडले त्या दिवशी. जेनने आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून. अशा वेळी माणूस मेलेल्या भावाविषयी चांगले बोलेल कसा? डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेने १९६६ साली एक कादंबरी लिहून माळ्यावरच्या त्या वेड्या बाईला वाचा दिली. रोलंडला ती कोणी दिलेली माझ्या ऐकिवात नाही. म्हटले, आपणच त्याचे वकीलपत्र घ्यावे.

बचाव माझ्या मनात तयार होता. रोलंड दुष्ट असायलाच हवा असे नाही. वडील बोलत होते, तो ऐकत होता. 'त्याचंही भलंच होईल' असे वडील म्हणाले, त्याने मान हलवली. थोरल्याला तरी कोणी विचारले होते, तुला ही जमीन हवी का म्हणून? हे सगळे मी इतक्या सफाईने जुळवत होतो की मलाच संशय आला. आणि मग आठवले, की या खोलीत मी बसलेलो आहे.

आमची कोकणात आमराई आहे. "तुकडे केले तर कलमं उरतील, बाग उरणार नाही," असे बाबा म्हणत. इंदूरच्या मामांना मूलबाळ नव्हते, त्यांचे कापडाचे दुकान होते. धाकट्याने, म्हणजे बाळने, तिकडे जावे, दुकान त्याचे होईल. बाग मी सांभाळावी, असे ठरले. ठरले म्हणजे बाबांनी आणि मी ठरवले. खरे तर कलम बांधायला त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. रोलंडला कागद करावा लागला नाही; आपल्याकडे मिताक्षरेने मुलाला जन्मतःच वाटा दिलेला, म्हणून आम्हांला हक्कसोडपत्र करावे लागले. बाळ तेव्हा बावीस वर्षांचा होता. "दादा, तू वाचलंयस ना?" एवढेच त्याने विचारले आणि सही केली.

मी वाचले होते. आणि मामांच्या दुकानावर किती कर्ज आहे हेही मला ठाऊक होते, बाबांनाही होते. "सावरेल तो," असे आम्ही एकमेकांना म्हणालो. त्याने सावरले. त्याला नऊ वर्षे लागली. कधी शब्दाने बोलला नाही, दरवर्षी पेटीभर आंबे मात्र माझ्याकडून घेतो आणि पत्नीला सांगतो, "हे आमच्या बागेतले."

वकीलपत्र मी परत केले आणि पुढे वाचू लागलो. पुस्तकाच्या उत्तरार्धात जेनला मदीरातल्या काकाकडून वीस हजार पौंड मिळतात. हे प्रकरण पूर्वी दोन्ही वेळा मी भराभर चाळले होते. प्रेम नाही, आग नाही, नुसता पैशाचा हिशेब. ही पोरकी मास्तरीण लगेच त्याचे चार वाटे करते, दोघी मामेबहिणी... नव्हे, आतेबहिणी, आणि त्यांचा भाऊ यांना पाच-पाच हजार. घाई करू नकोस, विचार कर, असे तो भाऊच तिला समजावतो. ती ऐकत नाही. म्हाताऱ्या रॉचेस्टरला जे जमले नाही ते तिने थोड्या दिवसांत उरकले.

परवा तालुक्याला जाऊन वकिलाकडून निम्म्या बागेचे बक्षीसपत्र लिहून आणले. बाळ पाडव्याला येतो आहे. काल त्याचा फोन आला. "दादा, साफसफाई झाली का?" मी म्हटले, एक कपाट राहिले आहे.

कागद पुढे ठेवला की तो पुन्हा न वाचताच सही करील, याची मला धास्ती वाटते. या खेपेला मी तो त्याला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.