कमी खर्चातलं जपान आणि मधुमेहाचे पाय

मार्च २०२५ मध्ये आम्ही तिघं बारा दिवस जपानला जाऊन आलो. तेव्हापासून तपासून झालं, प्रिस्क्रिप्शन लिहून झालं की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, खर्च किती आला?" आणि त्यातले निम्मे पुढे विचारतात, "मला शुगर आहे, मला झेपेल का?" ही दोन्ही उत्तरं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की इथे सविस्तर लिहिलेलंच बरं.

पैसे माझे नव्हते. मुलाला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि आई-बाबांना स्वतःच्या बचतीतून जपान दाखवायचं त्याच्या मनात होतं. अट एकच: "बाबा, तुमचं कार्ड बाहेर काढायचं नाही." विमानाचं तिकीट सोडून माणशी दिवसाला सात हजार येन, म्हणजे साधारण चार हजार रुपये. त्यात राहणं, खाणं, फिरणं सगळं. जपानसाठी ही रक्कम फार तोकडी आहे. मी छप्पन्न वर्षांचा, पत्नी चोपन्न, तिला नऊ वर्षांपासून मधुमेह आणि पायांच्या बोटांना थोडी बधिरता.

बुलेट ट्रेन महाग आहे. तिचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. मुलाने त्याऐवजी 'सेइशुन जूहाची किप्पू' नावाचं तिकीट काढलं. सलग पाच दिवस, जेआरच्या साध्या गाड्यांनी हवं तितकं फिरा, १२,०५० येन. सेइशुन म्हणजे तारुण्य आणि जूहाची म्हणजे अठरा, पण वयाची अट नाही! तारुण्य मात्र लागतं. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनने सव्वादोन-अडीच तासांचं अंतर. साध्या गाड्यांनी गाड्या बदलत बदलत जवळजवळ अख्खा दिवस जातो. आतामी, हामामात्सु, तोयोहाशी, माइबारा. प्रत्येक ठिकाणी जिने, धावपळ, पुन्हा तासभर बसणं.

इथे शरीराचं गणित सुरू होतं. तुमच्या फोनमधलं 'दहा हजार पावलं' हे लक्ष्य मूळ जपानचंच. १९६५ मध्ये तिथे 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, या नावाचं यंत्र विकायला आलं. त्या आकड्यामागे वैद्यकीय संशोधनापेक्षा विक्रीची हुशारी जास्त होती. स्वस्तात फिरणाऱ्याची पावलं याच्या दुप्पट होतात, कारण टॅक्सी परवडत नाही आणि फुकट ठिकाणं चालूनच बघायची असतात. घरी रोज तीन-चार हजार पावलं चालणाऱ्या माणसाच्या स्नायूंनी अचानक इतकी साखर वापरली आणि गोळी तीच राहिली, तर साखर खाली येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका खरा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना फारच कमी. म्हणून निघण्यापूर्वीच पत्नीच्या मधुमेहतज्ज्ञांनी तिची ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली होती. (तुम्ही हे वाचून स्वतःची गोळी स्वतः कमी करू नका. तुमच्या डॉक्टरांना 'मी रोज इतकं चालणार आहे' असं सांगा, ते ठरवतील.)

तरीही हामामात्सु सोडल्यावर ती एकदम गप्प झाली. कपाळावर घाम. गाडीत थंडी होती. ग्लुकोमीटर काढला, ६४. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ९१, मग ओनिगिरी. लोकल गाडीत खाण्याची तिथे पद्धत नाही, पण कोणी वळूनही बघितलं नाही. ग्लुकोज खिशात ठेवा. वरच्या फळीवरच्या बॅगेतला काही कामाचा नाही.

पण मला खरं सांगायचंय ते क्योटोबद्दल. फुशिमी इनारीचं देऊळ फुकट आहे, रात्रंदिवस उघडं असतं, हजारो केशरी तोरणांखालून डोंगर चढत जायचं. आम्ही वरपर्यंत गेलो. खाली येताना तिची चाल मला वेगळी वाटली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, दमले." हॉस्टेलवर मोजे काढायला लावले. डाव्या करंगळीखाली रुपयाएवढा फोड, कालपासूनचा. "काल का नाही सांगितलंस?" यावर ती हळूच म्हणाली, "त्याने लगेच टॅक्सी केली असती. त्याचे पैसे आहेत हो."

हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. छातीत दोन दिवस दुखतंय, पण मुलाच्या कामात खोळंबा नको. पाय काळा पडत चाललाय, पण सुनेला कशाला सांगा. आपल्याकडची आई आधी खर्च मोजते, मग दुखणं. बधिर पायाच्या बाबतीत हे फार धोक्याचं, कारण तिथे दुखणं मुळातच अर्धं पोचतं. जे थोडं पोचतं ते लपवलं, तर पुढचं पू झाल्यावरच कळतं.

फोड फोडला नाही. साबणाने धुतला, कोरडा केला, औषधाच्या दुकानातून जाड चिकटपट्टी आणून लावली आणि दुसरा पूर्ण दिवस बसून काढला. नारा रद्द. मुलगा आधी हिरमुसला, मग त्याने आपल्या एक्सेलमध्ये 'आईचे पाय' नावाचा रकाना घातला, रोज हजार येन. त्यातून पुढे तीनदा टॅक्सी झाली. रोज रात्री पाय मी बघायचे, तिने नाही, हेही ठरलं. तुम्हाला मधुमेह असेल तर तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा रोज दुसऱ्या कोणालातरी दाखवा. लाली पसरली, पू आला, ताप आला तर सहल तिथेच थांबवायची. नवे बूट सहलीसाठी घेऊ नका. महिनाभर वापरलेलेच न्या.

खाण्याबद्दल आमच्यात रोज वाद. सुपरमार्केटमध्ये रात्री आठच्या सुमारास तयार डब्यांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागते आणि मुलगा तिची वाट बघत घुटमळत राहायचा. मधुमेहींचं जेवण चिठ्ठीसाठी थांबत नाही, तिला साडेसातला दिलं. एका ओनिगिरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं असतात, दोन-अडीच पोळ्यांइतकी. सोबत उकडलेलं अंडं किंवा तोफू घ्या. रक्तदाबवाल्यांनी नूडल्सचा रस्सा सोडून द्यावा. एका वाडग्यात पाच ग्रॅमहून जास्त मीठ सहज जातं, दिवसभराची मर्यादाच तितकी आहे. जपानी पाकिटांवर मीठ ग्रॅममध्ये छापलेलं असतं, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. शाकाहारींनी लक्षात ठेवा, भाजीच्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. नळाचं पाणी खुशाल प्या, बाटलीचे पैसे वाचतात.

परत येताना ओसाका-टोकियो रात्रीची बस घेतली, हॉटेल वाचलं. चार तासांहून जास्त बसल्यावर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बस थांबेल तिथे उतरून चाला. पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी बस टाळून हॉटेलचे पैसे द्यावेत.

विम्यात काटकसर नको. ११९ वर रुग्णवाहिका फुकट येते, पण रुग्णालयाचं बिल पूर्ण तुमचं. आणि जुना आजार अर्जात लिहिला नसेल तर विमा कंपनी हात वर करते. नेहमीची औषधं एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात, जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. सुडोएफेड्रीन किंवा कोडीन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं घरीच ठेवा, तिथे त्यांवर कडक निर्बंध आहेत. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात नाही. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. रक्तदाबाची सकाळची गोळी सरळ तिथल्या सकाळी घ्या. इन्सुलिनच्या वेळा मात्र निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.