एका अक्षराचा फरक

आमच्या भिवंडीत पहाटे कोंबडा आरवतो की नाही, ते मला सांगता यायचे नाही. मागांच्या खडखडाटात तो ऐकू येणार कसा? अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सहा माग होते. त्यांच्यावरच आमचे घर चालले.

१९९९ च्या दिवाळीत चिरंजीवांनी व्हिडिओ गेमचा हट्ट धरला. मी बाजारातून खोका आणला. वर एका नामांकित जपानी कंपनीचे नाव! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी यंत्र टीव्हीला जोडले आणि अर्ध्या तासात त्याने मान टाकली. चिरंजीवांनी भोकाड पसरले. खोका पुन्हा निरखला, तेव्हा कळले, नावातले एक अक्षर निराळे होते.

"ही चोरी आहे, अण्णा! यांना कोर्टात खेचले पाहिजे," मी कडाडलो आणि वाचलेले ज्ञान पाजळू लागलो. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८१ साली 'डाँकी काँग' नावाचा खेळ काढला. त्यात एक दांडगा वानर होता. १९८२ साली युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रपट कंपनीने दावा ठोकला, की 'किंग काँग' हे नाव आमचे! निंटेंडोचे वकील जॉन कर्बी यांनी जुने दप्तर बाहेर काढले. याच युनिव्हर्सलने पूर्वी दुसऱ्या कंपनीशी भांडताना, किंग काँगची कथा कुणा एकाच्या मालकीची नाही, असे कोर्टाकडून वदवून घेतले होते! १९८३ साली दावा फेटाळला गेला. १९८४ साली अपिलातही युनिव्हर्सल हरली.

"कोणते साल म्हणालास दाव्याचे?" अण्णांनी विचारले.

"ब्याऐंशी."

"गिरण्यांच्या संपाचे साल."

ते साल भिवंडीत कोण विसरेल? मुंबईच्या गिरण्या बंद, आणि आमच्याकडे विणलेल्या कापडावर गिरण्यांचे शिक्के!

"तेव्हा एक व्यापारी शिक्का घेऊन आला होता," अण्णा म्हणाले. "नाव बड्या गिरणीचे, फरक एका अक्षराचा. चाळीस तागे मी त्या शिक्क्याने दिले. तुझी कॉलेजची फी त्यातूनच भरली."

मी गप्प झालो.

"कापड वाईट नव्हते रे. पण ज्याने ते गिरणीचे म्हणून घेतले, त्याचे तोंड मी पाहिले नव्हते. आज पाहिले," असे म्हणून त्यांनी नातवाला जवळ ओढले. "जा, उद्या पैसे परत माग. माझ्याकडे कुणी आलेच नाही."

पाडव्याला मी दुकानात गेलो खरा, पण भांडायला तोंड उघडेना. दुकानदाराने मुकाट्याने निम्मे पैसे दिले, मीही मुकाट्याने घेतले.

पुढे २००८ साली कलकत्त्याच्या अगरवाला बंधूंच्या 'स्क्रॅब्युलस' या संगणकी शब्दखेळावर मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने खेळ अडवला नाही. 'स्क्रॅबल'शी जुळणारे ते नाव मात्र वापरू नका, असा अंतरिम हुकूम दिला. खेळ 'लेक्स्युलस' या नव्या नावाने चालू राहिला.

ती बातमी वाचली, तेव्हा अण्णा नव्हते. असते, तर एवढेच म्हणाले असते: माग कुणीही चालवावा, शिक्का मात्र आपला मारावा.