उजवीकडचा टक्

भाच्याने लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हा मोफत मॉड्युलर सिंथेसायझर उघडून दिला. दोन डिले घेतले, दोन्ही ५०० मिलिसेकंदांवर. डाव्याची वायर उजव्यात, उजव्याची परत डाव्यात. दर फेरीला आवाज थोडा घटवायचा, नाहीतर तो थांबतच नाही, आमच्या सहावीच्या वर्गासारखा.

हेडफोन लावला. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने डावीकडे, उजवीकडे टक् यायला हवा होता. मला सेकंदाला एकच येत होता.

"मामू, फिरतोय ना आवाज?"

दोन वर्षांपासून उजव्या बाजूच्या बाकांना मी "मोठ्याने वाचा" म्हणून दटावतोय. घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"फिरत असेल बेटा. उजवीकडचा मला ऐकू येत नाही."

त्याने माझ्या कानांवरचा हेडफोन हळूच काढला.