त्या पोरीची आई

जॉन ग्रीन या अमेरिकी लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी जानेवारी २०१२मध्ये आली. पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर ग्रीननं स्वतःच्या हातानं सह्या केल्या होत्या. आमच्या वाट्याला आली ती किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची प्रत. निळं मुखपृष्ठ, त्यावर एक काळा आणि एक पांढरा ढग, आत पिवळट, खरखरीत पानं. माटुंग्याच्या कॉलेजात ती या बॅगेतून त्या बॅगेत फिरत राहिली. मला ती ज्या मुलानं दिली, त्यानं काही ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. मजकुरापेक्षा मी त्या रेघाच जास्त वाचल्या. अठराव्या वर्षी पुस्तक असंच वाचलं जातं, आणि तसं वाचण्यात काही कमी असतं असं मला आजही वाटत नाही.

गोष्ट इंडियानापोलिस शहरातली. सोळा वर्षांच्या हेझलला थायरॉइडचा कॅन्सर आहे आणि तो फुप्फुसांत पसरलाय. नाकात नळ्या आणि मागे चाकांवर ओढायचा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊनच ती सगळीकडे जाते. चर्चच्या तळघरात आजारी मुलांचा एक गट भरतो. तिथे तिला ऑगस्टस भेटतो. वय सतरा, हाडाच्या कॅन्सरनं एक पाय गेलेला. तो ओठांत सिगारेट धरतो पण पेटवत नाही. हेझलची एक लाडकी कादंबरी आहे, तीही एका आजारी मुलीची, आणि ती मधल्याच वाक्यावर तुटते. त्यानंतर पुस्तकातल्या माणसांचं काय झालं, हे लेखकालाच विचारायला ही दोघं अॅमस्टरडॅमला जातात. लेखक दारूच्या नशेत असतो, तुसडेपणानं वागतो आणि काहीही सांगत नाही. त्यानंतर ती दोघं अॅन फ्रँकच्या घरात जातात आणि हेझल तो सिलिंडर घेऊन तिथले उभे जिने चढते. मरणार हेझल, असं धरून आपण वाचत असतो. जातो ऑगस्टस.

हे शेवटचं वळण वाचून आमचा अख्खा वर्ग रडला होता. २०१४मध्ये सिनेमा आला तेव्हा पुन्हा रडला. अॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी ज्या बाकावर ती दोघं बसलेली दाखवली होती तो बाकच त्या वर्षी नाहीसा झाला, ही बातमी मला त्या मुलानंच पाठवली होती. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. फोन विरळ होत गेले आणि एके दिवशी त्याच्या लग्नाचं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्या दिवसांत मी पुस्तक पुन्हा उघडलं. हेझलनं ज्याच्यावर प्रेम केलं तो तिला सोडून गेला नव्हता, मेला होता, आणि मला तिचा हेवा वाटला. दुःखात माणूस कुठल्या थराचा विचार करतो, हे तेव्हा कळलं.

ब्रिटनमधल्या एका वृत्तपत्रानं २०१३च्या सुरुवातीला अशा कादंबऱ्यांना आजारपणाचं साहित्य म्हणून नाक मुरडलं होतं. कोवळ्या मुलांच्या हाती हे देऊ नये, असा एकूण सूर. मला तो सूर तेव्हाही पटला नव्हता. नंतर जे पाहिलं, त्यानंतर तर अजिबात नाही.

माझा मिरजेचा मावसभाऊ कबड्डी खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याचा गुडघा दुखायला लागला. मुका मार असेल म्हणून घरी तेल चोळलं, शेक दिला. सूज उतरेना तेव्हा एक्स-रे काढला आणि पंधरवड्यात मावशी त्याला घेऊन परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आली. ऑस्टिओसार्कोमा. हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा वाढत्या वयाच्या मुलांना होतो, गुडघ्याच्या आसपास होतो आणि पसरला तर आधी फुप्फुसात जातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांना खोली मिळाली. देशभरातून टाटाला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचं ते तात्पुरतं घर आहे. तिथल्या जिन्यात डोक्यावर केस नसलेली लहान मुलं पकडापकडी खेळत असतात.

घरच्यांचा पहिला निर्णय असा होता: त्याला सांगायचं नाही. गाठ आहे म्हणायचं, औषधं चालू आहेत म्हणायचं. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं आणि ते मायेपोटी होतं, हे मला कळतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल असतो. फाइलवरचं इंग्रजी नाव त्यानं टाइप केलं. शोधता शोधता त्याला कळलं की एका कादंबरीच्या नायकाला हाच आजार आहे. मी धर्मशाळेत डबा घेऊन गेले तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, तुझ्याकडं आहे का गं ते पुस्तक?"

मी दिलं. मावशीला विचारूनच दिलं, आणि आत काय आहे तेही तिला सांगितलं. ती बराच वेळ पोळीचा तुकडा मोडत बसली आणि मग म्हणाली, "दे. त्याला कुणीतरी काहीतरी सांगायलाच पाहिजे."

इंग्रजीची त्याला सवय नव्हती. तो हळूहळू वाचायचा, शब्द अडला की मला विचारायचा. प्रेमाची पानं त्यानं भराभर उलटली. तो थांबला ते दुसऱ्याच ठिकाणी. हेझल चौदा वर्षांची असताना एकदा अतिदक्षता विभागात मरणाच्या दारात असते आणि तिची आई बापाच्या गळ्यात पडून रडते, आता आपण कुणाची आई उरणार नाही म्हणून. आईला वाटतं पोरीला ऐकू गेलं नाही. हेझलनं ते ऐकलेलं असतं आणि वर्षानुवर्षं ती ते मनात बाळगते. अॅमस्टरडॅमच्या त्या लेखकाला ती जे पुन्हा पुन्हा विचारते, पुस्तकातल्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं, ते कुतूहल नसतंच. तिला आपल्या आईचं विचारायचं असतं.

हे मला मावसभावानं दाखवलं. मी ते पुस्तक किती वेळा वाचलं होतं, पण मी मुलीच्या जागेवर बसून वाचत होते आणि त्या मुलीचं लक्ष सगळा वेळ आईकडे होतं. "माझ्या आईचं पुढं काय, ते विचारायला मला कुठं अॅमस्टरडॅमला जाता येतंय," तो म्हणाला. मग त्यानंच तिला विचारलं. त्या रात्री दोघं काय बोलली, मला माहीत नाही. पण त्यानंतर त्या खोलीतलं कुजबुजणं थांबलं. आजाराचं नाव उघडपणे घेतलं जाऊ लागलं. रिपोर्ट त्याच्यासमोर उघडले जाऊ लागले.

२०१९च्या पावसाळ्यात तो गेला.

पुढच्या वर्षी, जुलै २०२०मध्ये, या कादंबरीवरचा हिंदी सिनेमा आला, 'दिल बेचारा'. त्याचा नायक सुशांतसिंग राजपूत १४ जूनला गेला होता. त्याचा हा शेवटचा सिनेमा २४ जुलैला मोबाइलवर सगळ्यांना फुकट दिसला. गोष्ट जमशेदपूरला नेली होती, अॅमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आणि अर्ध्या राहिलेल्या कादंबरीच्या जागी अर्धं राहिलेलं गाणं. लॉकडाउनमध्ये घराघरांत लोक रडत होते, आणि पडद्यावरच्या मरणासाठी की खऱ्या, हे कुणालाच वेगळं काढता येत नव्हतं. मावशीनंही मिरजेत तो पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन.

"तुझ्या त्या पुस्तकाचाच होता ना गं सिनेमा?"

"हो मावशी."

"त्या पोरीची आई जेवायची का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. केमोनं त्याचं तोंड आतून सोललं होतं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. त्या दिवसांत ती हॉस्पिटलच्या बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या वडापाव खायची, तोंड पुसायची आणि वर जायची. वर्षभर ते तिच्या घशात अडकलं होतं. दुसऱ्या कुठल्या आईनं असं केलंय का, एवढंच तिला हवं होतं. सिनेमात ते कुणी दाखवलं नव्हतं.

पुस्तकात जेवणाचं असं काही आहे का, मला आठवेना. पण हेझलची आई मुलीचे अर्धे वाढदिवससुद्धा साजरे करते, ते मी सांगितलं. मग एस्थर अर्लची गोष्ट सांगितली. ग्रीननं ही कादंबरी जिला अर्पण केली ती मॅसॅच्युसेट्सची मुलगी. तिलाही थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑगस्ट २०१०मध्ये, सोळाव्या वर्षी ती गेली. हेझल म्हणजे एस्थर नव्हे, पण तिची ओळख झाली नसती तर हे पुस्तक लिहून झालं नसतं, असं ग्रीन सांगत आला आहे. एस्थरच्या आईवडिलांनी पुढे तिच्या वह्या आणि पत्रं एकत्र करून २०१४मध्ये छापली, आणि ज्या घरांत मुलांना कॅन्सर आहे अशांना पैशांची मदत करणारी संस्था काढली.

"म्हणजे खरी आई आहे," मावशी म्हणाली. "आणि पुस्तकातली? तिचं काय होतं? पोराचं मरण नको सांगू, ते मला माहीत आहे. आईचं सांग."

मी सांगितलं, की ती मुलीपासून लपवून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असते. आजारी मुलांच्या घरच्यांना सोबत करता यावी म्हणून. आपण मागे उरल्यावरही जगायची तयारी करतोय हे पोरीला लागेल, म्हणून बोलत नाही. हेझलला कळतं तेव्हा ती आनंदानं रडते.

"आनंदानं?"

"हो. आई राहील, हे कळलं ना तिला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करून ती परत आली.

"किती वर्षांचा असतो गं तो कोर्स? माझं बी.ए. चालेल का?"

फोन कानाशी धरूनच मी लॅपटॉप उघडला. पदवीनंतर दोन वर्षं, मी वाचून दाखवलं. वयाचं काय लिहिलंय, तिनं विचारलं, आणि मी पान खाली सरकवायला लागले.